फक्त आकडा पाठवा

माझ्या थोरल्या साडूंइतके निरोप आपल्या अख्ख्या तालुक्यात एकट्या माणसाने पाठवले नसतील, आणि एका निरोपाची त्यांच्याइतकी वाट पाहिलेला माणूसही मला दुसरा ठाऊक नाही. यातलं पहिलं विधान मी आकड्यांनिशी सिद्ध करू शकतो, कारण आकडे त्यांनीच मला वेळोवेळी छापून दिलेले आहेत. गेल्या महिनाअखेर दोन लाख चौदा हजार सहाशे तीन. दुसऱ्या विधानाला आकडा नाही. मी वसई पूर्वेच्या एका औषधांच्या गोदामात साठा जुळवायचं काम करतो. आवक, जावक, शिल्लक, यापलीकडे मला फारसं काही कळत नाही. ज्याला आकडा नाही अशा गोष्टीबद्दल लिहायची ही माझी पहिलीच वेळ आहे, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्यावं.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मूळचे चांदीपचे, शेतकऱ्याचे धाकटे चिरंजीव. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि ज्या वयात माणसं गुडघ्याच्या तेलाकडे वळतात त्या वयात ते प्रोग्रामिंगकडे वळले. विरारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारी एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर ताईंची लग्नातली शाल पांघरलेली असते, आणि त्या शालीखालून साडूंनी बनवलेले निरोपांचे कारखाने चोवीस तास चालतात. निरोप आपल्या हाताने पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटतं. निरोप पाठवणारा प्रोग्राम लिहायचा, तो मोठ्या कंपनीच्या एपीआयला जोडायचा, आणि मग आपण खुर्चीत मागे रेलून बसायचं, यात त्यांना खरं सुख. एपीआय म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "साडूभाऊ, मोठ्या वाड्याचा मागचा दरवाजा असतो ना, तसं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या पद्धतीने ठोठावलं की आतला माणूस तुमचा निरोप घेतो आणि पोचवतो. पद्धत चुकली की दार उघडत नाही. शिव्या दिल्या तरी उघडत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की, शिव्या देऊन झालेल्या आहेत हे माझ्या लक्षात आलं.

त्यांच्या घराची बेल त्यांनी काढून टाकली होती. तिच्या जागी एक कागद चिकटवला होता: "आगमनाची सूचना देण्यासाठी खालील क्रमांकावर १ पाठवावा." मी शहाण्यासारखा १ पाठवायचो. लगेच उत्तर यायचं, "आपला निरोप मिळाला. आपण रांगेत पहिले आहात." त्या जिन्यावर माझ्याशिवाय कुणीही नसायचं. मी रांगेत पहिला उभा असताना आतून ताईंचा आवाज यायचा, "अहो, कुणीतरी दारात चपला वाजवतंय बघा," आणि साडू म्हणायचे, "थांब, अजून माझ्याकडे सूचना यायचीय." शेवटी ताई हातात झारा घेऊन दार उघडायच्या. तो कागद पाच महिने टिकला. मग गॅसवाल्याने नेमका १ न पाठवता दोनदा सिलिंडर परत नेला, आणि ताईंनी कागद आणि साडू या दोघांनाही एकाच दिवशी सरळ केलं.

पाठवला, पोचला, वाचला, या निरोपाच्या तीन अवस्था. यातली एकही गाळून पुढे जाता येत नाही, असं त्यांचं ठाम मत. हा नियम ते घरातही लावायचे. जेवताना म्हणायचे, "आमटीत मीठ कमी आहे," आणि घास हातात धरून वाट पाहत बसायचे. समोरून "पोचलं" असं आल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. ताई म्हणायच्या, "पोचलं. पण वाचलं नाही अजून." सोसायटीत पाणी सुटण्याची वर्दी देणारा प्रोग्राम त्यांनी केला तेव्हा शहाण्णव घरांना आधी एक चाचणी निरोप गेला: "हा निरोप दुर्लक्षित करावा." एक्केचाळीस घरांनी फोन करून विचारलं, की नेमकं काय दुर्लक्षित करायचं आहे. साडूंनी त्या एक्केचाळीस जणांची वेगळी यादी करून त्यांना निरोप पाठवला, की दुर्लक्ष करायला सांगितलेलं असताना त्यांनी लक्ष का दिलं. पुढच्या सर्वसाधारण सभेत जे झालं ते मी लिहीत नाही. राजोडीच्या एका मासळीवालीलाही त्यांनी, आज कोणतं म्हावरं आलंय ते गिऱ्हाइकांना रोज सकाळी आपोआप कळावं, अशी सोय करून दिली होती. तिने ती आठ दिवस वापरली आणि म्हणाली, "भाऊ, म्हावरं मोबाइलात नाय कुजत, टोपलीत कुजतं. मला टोपलीकडं बघू दे." साडूंना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते एका फाइलमध्ये नोंदवून ठेवलं, आणि त्यातून काहीही बोध घेतला नाही.

बोध घेतला असता तर पुतणीच्या लग्नात ते झालं नसतं. चांदीपला त्यांचे थोरले भाऊ असतात; आई काही वर्षांपूर्वीच गेलेली. घरची शेती तेच बघतात, भात आणि पुढे भाजीपाला. साडू त्यांना दादा म्हणतात आणि आम्हीही दादाच म्हणतो. दादांच्या मुलीचं लग्न ठरलं. गावात लग्नाचं बोलावणं द्यायची रीत अशी, की घरातली दोन-चार माणसं दारोदार जातात, उंबऱ्याशी अक्षत ठेवतात, "यायचं हां सगळ्यांनी" म्हणतात, आणि पाणी पिऊन पुढच्या घरी जातात. शंभर घरं असली तर शंभर वेळा पाणी. दादांचा गुडघा तेव्हा दुखत होता आणि भातही झोडायचं होतं. साडू म्हणाले, "दादा, तू एक पाऊल टाकू नको. माझ्यावर सोड." दादांनी सोडलं. माझा भाऊ फोनखात्यात होता, असं ते अभिमानाने सांगत असत. साडूंनी चारशे बारा निमंत्रणं एका बटणात पाठवली. गणपतीचं चित्र, नाव घालून प्रत्येकाला वेगळा मजकूर. चारशे नऊ पोचली, तीनशे एक्क्याण्णव वाचली गेली. आकडे मी स्वतः पाहिले आहेत, त्यात खोट नव्हती.

लग्नाच्या दिवशी पन्नासच्या बारा पंगतींचा अंदाज होता. दुपारी दीडपर्यंत तीन उठल्या. त्यातली दीड आमची, शहरातून आलेल्यांची. गाव आपापल्या ओट्यावर नवे कपडे घालून बसलं होतं. सगळ्यांना लग्न ठाऊक होतं, वेळ ठाऊक होती, मुलाचं गावही ठाऊक होतं. पण अक्षत आली नव्हती, आणि अक्षत आल्याशिवाय कुणाच्या मांडवात जाऊन बसणं म्हणजे न बोलावता जेवायला जाणं. शेवटी नवऱ्या मुलीचा बाप दुखरा गुडघा घेऊन स्वतः घरोघर गेला, हात जोडले, आणि माणसं लगोलग उठून आलीही. पण तोवर भात गार झाला होता आणि वऱ्हाडी मंडळींची कुजबुज ऐकू येण्याइतकी वाढली होती. संध्याकाळी मांडवात सगळ्यांसमोर दादा साडूंना एवढंच म्हणाले, "चारशे जनांना कळवलंस. बोलवलं कोनालाच नायस." त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद झालं. ज्याने आधी फोन केला त्याचं चुकलं, असं दोन्हीकडे ठरून गेलं.

साडूंनी दोन-तीन महिने कॉम्प्युटरची शाल काढली नाही. मग चांदीपचा एक टेम्पोवाला त्यांच्याकडे आला. गावातली भाजी पहाटे विरारच्या बाजारात आणायची, पण कोणाकडे किती पाट्या आहेत ते आदल्या दिवशी कळत नाही, फेरी फुकट जाते, अशी त्याची तक्रार. साडूंनी चार दिवसांत प्रोग्राम लिहिला. रोज संध्याकाळी पाच वाजता गावातल्या प्रत्येक भाजीवाल्या शेतकऱ्याला निरोप जाई: "उद्या टेम्पोत किती पाट्या?" शेतकऱ्याने आकडा पाठवायचा. आकडे मांडून टेम्पोवाल्याला यादी जाई. काम इतकं नेटकं होतं, की मी आमच्या गोदामाला असंच काही करून मिळेल का, असं विचारलं होतं. पण साडूंनी ते टेम्पोवाल्यासाठी केलेलं नव्हतं, हे मला लवकरच कळलं. यादीत दादांचंही नाव होतं. रोज पाच वाजता साडू खुर्ची ओढून बसायचे, आणि दादांचा आकडा येईपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जातो. आकडा आला की ते मला वाचून दाखवायचे, एखाद्याने लांबलचक पत्र वाचावं तसं. "सहा! वांगी उठली म्हणजे. पाणी बरं आहे विहिरीला." नाहीतर, "दोनच. गुडघा असणार. वहिनी एकटीच तोडतेय." एकदा नुसता १ आला, तेव्हा त्यांनी चहा तसाच ठेवला. "एक पाटी दादा कधी देत नाही. नसली तर शून्य देतो, पण एक नाही देत. काहीतरी झालंय." दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने सांगितलं, दादांच्या बांधावर एकही पाटी नव्हती, दादा नातेवाइकांकडे गेले होते. साडू आठवडाभर त्या एकाचा अर्थ लावत बसले. मी म्हणायचो, "अहो, फोन करा." ते म्हणायचे, "त्याने उचलायला हवा ना." मी म्हणायचो, "मग लिहा. तुमचाच प्रोग्राम आहे." त्यावर त्यांनी मला कंपनीचा नियम समजावला. समोरच्याने निरोप पाठवला की त्यापुढचे चोवीस तास त्याला मनासारखं काहीही लिहिता येतं. ते उलटले की फक्त कंपनीने मंजूर केलेला ठरावीक मजकूर. मी हिशेब केला आणि म्हटलं, "दादा तर रोजच आकडा पाठवतात. म्हणजे तुम्हाला रोज चोवीस तास मोकळीक आहे." "रोज लिहितो," ते म्हणाले. "पाठवत नाही. दादाने एक शब्द लिहू दे, मी दहा लिहीन. पण तो आकड्यापलीकडे जात नाही." मध्ये एकदा ताईंना बाहेरून कळलं, की पुतणीला मुलगा झाला, बारसंही झालं. साडू म्हणाले, "आम्हाला आकड्याच्या लायकीचंच ठेवलंय." हे ते हसून म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं नाही.

पावणेतीन वर्षं अशी गेली. मागच्या पौषातल्या एका रविवारी दुपारी त्यांनी कौतुकाने दादांचा सगळा गोषवारा छापून माझ्या हातात दिला. मला एक वाईट सवय आहे. कागद हातात आला की मी आधी आवक आणि शिल्लक जुळते का ते बघतो. कंपनीच्या मोजणीप्रमाणे दादांकडून आलेले निरोप सातशे अठरा. साडूंच्या प्रोग्रामने नोंदलेले आकडे सातशे सात.

"अकरा कुठायत?" मी विचारलं.

"कसले अकरा?"

"आले सातशे अठरा. ठेवलेत सातशे सात."

"अहो, लोक फुलं पाठवतात, सुप्रभात पाठवतात. प्रोग्राम ते गाळतो. आकडा नसेल तर नोंद करायची नाही, आणि पुन्हा आकडा मागायचा. नाहीतर यादीत कचरा होतो."

"दादा फुलं पाठवतात?"

साडूंनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. मी म्हटलं, "आमच्याकडे अकरा खोके कमी भरले तर मला घरून बोलावून घेतात. तुमचे कुठे पडलेत ते बघू या."

आलेलं सगळं जसंच्या तसं उतरवून ठेवणारी एक फाइल असते, ती त्यांनी आजवर उघडली नव्हती. उघडायची गरज पडली नव्हती, कारण प्रोग्राम कधी चुकला नव्हता. त्या फाइलीतून दादांचा क्रमांक शोधायला दहा मिनिटं लागली. पहिला शब्द दिसला आणि साडूंनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, म्हणजे पुढचं मी वाचावं. मी वाचलं.

"विहिरीचा पानी यंदा टिकलाय." त्याखाली साडूंच्या प्रोग्रामचं उत्तर, त्याच मिनिटाला: "कृपया फक्त आकडा पाठवा. धन्यवाद." मग पाच महिन्यांनी, "आंबा लागलाय. घेऊन जा." कृपया फक्त आकडा पाठवा. "आंबा उतरवला. तुझा वाटा माळ्यावर ठेवलाय." कृपया फक्त आकडा पाठवा. "आंबा कुजला." धन्यवाद. मग पावसाळ्यात एक, "आईच्या वर्षाला येतोस काय?" मग, "तू हायस ना रं तिथं?" ताई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. पुढचा होता, "पोरीला मुलगा झाला." कृपया फक्त आकडा पाठवा. आणि त्याखाली, दोन मिनिटांनी, दादांचं उत्तर होतं: "१".

साडूंनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणजे थांबा. थोड्या वेळाने काढला, म्हणजे वाचा. त्यानंतरचे तीन पावसापाण्याचे होते. अकरावा निरोप आठ दिवसांपूर्वीचा होता. "आईचा आवाज कुठं भरून ठेवलायस काय तू? मला आठवत नाय आता." कृपया फक्त आकडा पाठवा. धन्यवाद.

त्यानंतर साडूंनी जे केलं त्यात प्रोग्रामचा काही संबंध नव्हता. त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि मला म्हणाले, "चला." मी स्कूटर चालवली, कारण त्यांना चालवता आली नसती. दादा वाडीत होते, वालाच्या वेलाला काठी बांधत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गाठ मारायला लागले. साडू बांधावरच उभे राहिले.

"दादा, मी वाचलेच नव्हते," साडू म्हणाले. "आत्ता, दुपारी वाचले. ते उत्तर मी नाही दिलं. यंत्र देतं."

"यंत्र कोनी केलं?"

"मी."

"त्याला बोलाया कोनी शिकवलं?"

"मीच."

"मंग?" दादा म्हणाले, आणि दुसरी काठी मागण्यासाठी हात पुढे केला. काठी साडूंच्या पायाशी पडली होती. त्यांनी ती दिली. एवढ्यावर तो दिवस संपला. वहिनींनी चहा दिला, आणि निघताना दादांनी माझ्याच हातात दुधीभोपळा ठेवला.

पण साडूंच्या डोक्यात पद्धत म्हणजे पद्धत. त्यांनी ती फाइल छापून घडी करून खिशात ठेवली आहे, आणि तेव्हापासून दर रविवारी आम्ही चांदीपला जातो. प्रत्येक रविवारी ते एका जुन्या निरोपाचं उत्तर देतात. "विहिरीचा पानी टिकलाय" याला त्यांनी सव्वादोन वर्षांनी विहिरीपर्यंत जाऊन, आत वाकून, "टिकलंय खरंच" असं उत्तर दिलं. "आंबा घेऊन जा" याला ऐन थंडीत "येतो" म्हणाले, तेव्हा दादा म्हणाले, "आता काय डहाळी नेतोस?" आणि दोघं त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "आंबा कुजला" याचं उत्तर काय द्यायचं ते साडूंना सुचेना. ते झाडाखाली जाऊन उभे राहिले, दादाही जाऊन उभे राहिले, आणि तेच उत्तर धरलं गेलं. पुतणीच्या मुलाला ते जाऊन भेटले. तो आता चालतो. वर्षश्राद्धाच्या निरोपाला उत्तर नव्हतंच. त्या रविवारी साडूंनी घरात आईच्या फोटोपुढे नुसता नमस्कार केला. दहा उत्तरं अशी झाली.

अकरावं राहिलं आहे. त्यासाठी साडूंनी घरातल्या साऱ्या कॅसेटी, बंद पडलेले चार मोबाइल, कॉम्प्युटरची जुनी डिस्क, सगळं उपसलं. एकतीस वर्षं ज्या माणसाने तालुक्यातल्या लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, रोज संध्याकाळी न चुकता आईला फोन केला, त्याच्याकडे तिचा आवाज कुठेही नव्हता. "रोज बोलत होतो ना," ते मला म्हणाले. "साठवायचं कशाला वाटलं असतं?" हे "नाही" दादांना जाऊन सांगायचं त्यांच्याने होत नाही. दादाही पुन्हा विचारत नाहीत.

मागच्या रविवारी आम्ही दोघं वाडीच्या लांबच्या टोकाला, ओढ्याकडे गेलो होतो. जेवायची वेळ झाली होती. घराच्या ओट्यावरून दादांनी हाक मारली, लांब ओढून, शेवटाला सूर वर चढवून, "बालाऽऽ, जेवाया येऽऽ." साठीकडे निघालेल्या माणसाला बाला म्हणून हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. हाक स्वच्छ ऐकू आली होती. वारासुद्धा आमच्याकडेच होता. साडू जागच्या जागी थबकले. ओ दिली नाही.

"अहो, बोलावतायत," मी म्हटलं.

"ऐकलं," साडू हळूच म्हणाले. "आई अशीच मारायची. अगदी अशी." मी ओ द्यायला तोंड उघडलं, तसा त्यांनी माझा दंड धरला. "गप्प रहा, साडूभाऊ. परत मारू दे."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, आणि थोड्या वेळाने, जरा वैतागलेल्या सुरात, हाक पुन्हा आली.